संविधानकाचें मर्म : डब्लिन आणि आळेगाव

घरोघरीं गोष्टी सांगणारें एखादें वडील माणूस असतेंच. परंतु गोष्ट बांधतात कशी, हें मुलांस उलगडून दाखविणारें माणूस विरळा. 'संविधानक' या शब्दाची व्याख्या विद्यार्थी परीक्षेपुरती पाठ करतो व विसरतो. वस्तुतः सारें मर्म 'म्हणून' या एका शब्दांत आहे. अमुक झालें, मग तमुक झालें, ही नुसती जंत्री. अमुक झालें म्हणून तमुक झालें, हें संविधानक.

आपल्या नाट्यशास्त्रानें मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पांच संधि सांगितले आहेत. गुस्ताफ फ्रायटाग या जर्मन लेखकानेंही १८६३ सालीं नाटकाचे पांच भाग कल्पिले : आरंभ, चढण, शिखर, उतार आणि शेवट. दोन्ही मांडण्या तंतोतंत सारख्या नव्हेत. परंतु डोंगराची आकृति मुलांस चटकन समजते. ती शिकविण्यास यादवीची गोष्ट उत्तम. कारण तेथें दोन्ही बाजूंस आपलींच माणसें असतात व प्रत्येक पायरीचा भार जाणवतो.

लिअम ओफ्लाहर्टी या आयरिश लेखकाची १९२३ सालची 'द स्नायपर' ही लघुकथा पाहावी. जून १९२२ मध्यें डब्लिन शहरांत यादवी पेटली आहे. प्रजासत्ताकवाद्यांच्या पक्षाचा एक तरुण बंदूकधारी रात्रीं छपरावर दबा धरून बसला आहे. सिगरेटचा मोह त्याला आवरत नाहीं. काडीचा उजेड दिसतो म्हणून गोळी येते. पुढें समोरच्या छपरावरील शत्रूची गोळी त्याच्या हाताला लागते. हात निकामी झाला म्हणून बंदूक चालेना, आणि बंदूक चालेना म्हणून युक्ति हवी. तो बंदुकीच्या टोकावर टोपी ठेवून ती वर करतो. शत्रु टोपीवर गोळी झाडतो, हा मेला असें समजून उभा राहतो, आणि तरुण त्याला पिस्तुलानें टिपतो. मग खालीं उतरून प्रेत उताणें करून पाहतो, तों तो त्याचा भाऊ!

येथें मुलांस विचारावें, शिखर कोणतें? बहुतेक जण भावाचा चेहरा म्हणतील. परंतु ज्यानंतर कांहींच परत फिरवितां येत नाहीं, तो क्षण शिखराचा. म्हणजे पिस्तुलाच्या गोळीचा. चेहरा हा शेवट. झाल्या कृत्याचा अर्थ तो सांगतो.

शिरूर तालुक्यांतील मांडवगण फराटा व भीमेपलीकडील दौंड या टापूंतील वाचकांस याच जातीची गोष्ट घराजवळ सांपडेल. पानिपतानंतर १७६१ मध्यें नानासाहेब पेशवे निवर्तले व सोळा वर्षांच्या माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. कारभार आपल्या हातीं असावा, असें चुलते रघुनाथराव यांस वाटे. म्हणून बेबनाव झाला. रघुनाथरावांनीं निजामाचें साहाय्य घेतलें, आणि नोव्हेंबर १७६२ मध्यें घोडनदीवर व नंतर भीमेकांठच्या आळेगावीं चुलत्यापुतण्यांच्या फौजा भिडल्या. माधवरावांची पीछेहाट झाली. राज्य दुभंगूं नये म्हणून ते स्वतः चुलत्याच्या छावणींत गेले व त्यांनीं पड खाल्ली. या गोष्टीचें शिखर लढाई नव्हे, हें छावणींत जाणें होय. डब्लिनमध्यें हत्यार चालतें. आळेगावीं तें खालीं ठेवलें जातें.

आतां शेवट कोठें करावा? आळेगावींच थांबलें, तर गोष्ट पुतण्याच्या समंजसपणाची होते. १७६३ सालीं राक्षसभुवनावर झालेला निजामाचा पराभव व १७६८ सालीं धोडपला झालेला रघुनाथरावांचा पराभव येथवर नेली, तर ती धीराच्या यशाची होते. १७७३ पर्यंत नेली, तर माधवरावांमागून गादीवर आलेल्या नारायणरावांच्या खुनानें ती शोकांतिका ठरते. घटना त्याच, संविधानकें मात्र तीन.

मुलांकडून ही हकीकत पांच वाक्यांत लिहवून घ्यावी, दर दोन वाक्यांमध्यें 'म्हणून' बसतो कीं नाहीं तें पाहावें, आणि मग शेवटाचें साल बदलून पुन्हा लिहवावी. एकत्र कुटुंबांत या अभ्यासाचा उपयोग परीक्षेपुरताच नाहीं. कलहाची हकीकत सांगणारा प्रत्येक जण आपल्या सोयीच्या ठिकाणीं आरंभ करतो व सोयीच्या ठिकाणीं थांबतो. संविधानक उमगलेलें मूल अशा वेळीं शांतपणें विचारील, "पण काका, त्याच्या आधीं काय झालें होतें?"