जुना कॉम्प्युटर, रोजचा क्रॅश आणि दोन रॅम स्टिक्सचा प्रयोग

"ताई, पीएचडी करायची म्हणजे महागडा लॅपटॉप घ्यावाच लागतो का?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. नाही लागत. माझं निम्म्याहून जास्त विश्लेषण सोलापूरच्या घरी, एका सेकंड हँड डेस्कटॉपवर झालंय. पण या डेस्कटॉपने मला एकदा असं अडचणीत आणलं, की गाईड मॅडमना पाठवलेला तक्ता परत मागून घ्यावा लागला. आजचा लेख त्याबद्दल आहे. वरवर बघाल तर ही कॉम्प्युटर दुरुस्तीची गोष्ट वाटेल. तशी ती आहेच, पण संशोधन पद्धतीच्या पेपरला आपण जे पाठ करतो (गृहीतक, नियंत्रण, एका वेळी एकच बदल) ते सगळं तिच्यात आहे.

काय होत होतं?

माझ्याकडे विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांचा डेटा होता आणि त्यावर 'आर'मध्ये बूटस्ट्रॅप चालवायचं होतं. म्हणजे त्याच डेटातून १०,००० वेळा पुन्हा पुन्हा नमुने उचलायचे आणि दरवेळी सरासरी काढायची. साधारण तीन तासांचं काम. कधी ते दोन हजाराव्या फेरीला बंद पडायचं, कधी सात हजाराव्या. कधी निळा स्क्रीन यायचा, कधी नुसतंच 'आर' गायब. आणि कधी सगळं सुरळीत पूर्ण व्हायचं! साधारण तीनपैकी एकदा क्रॅश, असा हिशोब होता.

दुरुस्तीवाले काका म्हणाले, "ताई, फॉरमॅट मारून टाकू, होऊन जाईल." हा सल्ला नेहमीच चुकीचा असतो असं नाही. पण फॉरमॅट मारलं की एका दमात शंभर गोष्टी बदलतात. त्यानंतर मशीन चाललं तरी का चाललं ते कळत नाही, आणि नाही चाललं तर आधीच्या सगळ्या खुणाही पुसलेल्या असतात.

पायरी शून्य : आधी डेटा बाहेर काढा

निदान नंतर. क्रॅशचं कारण हार्ड डिस्क असेल, तर तुमच्या प्रत्येक तपासणीत ती आणखी झिजते. म्हणून सगळ्यात आधी कच्चा डेटा, कोड आणि लिखाण बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि एक प्रत घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा लॅबमध्ये ठेवा. मात्र जुन्या चांगल्या प्रतीवर नवी प्रत चढवू नका. आजारी मशीनने केलेली कॉपीही आजारी असू शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वही उघडा

प्रयोगशाळेत नोंदवही ठेवता ना? तशीच इथे ठेवा. प्रत्येक क्रॅशला एक ओळ: तारीख, वेळ, काय चालू होतं, किती वेळ चाललं होतं, स्क्रीनवर काय आलं. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. मशीन स्वतःही नोंदी ठेवत असतं. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' आणि 'रिलायबिलिटी मॉनिटर' शोधा, लिनक्समध्ये मागच्या बूटचा जर्नल बघा.

या नोंदी वाचताना एक फसगत होते. विंडोजमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की लोक लगेच पॉवर सप्लाय बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. ताप आल्याची नोंद म्हणजे तापाचं कारण नव्हे, तसंच हे.

माझं पहिलं गृहीतक, आणि ते का पडलं

एप्रिल महिना, सोलापूर, पत्र्याची खोली. क्रॅश दुपारी व्हायचे. मला वाटलं, उष्णता! केबिनेट उघडलं, पंख्यावरची धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा छान खाली आला. आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा क्रॅश.

वही चाळली तेव्हा कळलं. क्रॅश दुपारी होत होते, कारण मी विश्लेषण दुपारीच चालवत होते! सकाळी मी नुसतं टायपिंग करायचे. 'दुपार' आणि 'जड काम' या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. आपण ज्याला कन्फाउंडिंग म्हणतो ते हेच. मग तेच काम पहाटे पाच वाजता चालवलं. तरी क्रॅश. उष्णतेचं गृहीतक तिथे पडलं. (धूळ काढली ते वाया गेलं नाही, पण ते उत्तर नव्हतं.)

सगळ्यात उपयोगी प्रश्न : त्याच जागी की वेगवेगळ्या जागी?

क्रॅश दरवेळी कोडच्या त्याच ओळीवर, त्याच फाईलवर होत असेल, तर बहुधा दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्या फाईलमध्ये आहे. मेमरी अपुरी पडत असेल, तर रॅमचा वापर वाढत वाढत टोकाला जातो आणि मग प्रोग्रॅम बंद पडतो. हे टास्क मॅनेजरमध्ये डोळ्यांनी दिसतं. पण तोच कोड, तोच डेटा, आणि दरवेळी वेगळ्या जागी वेगळाच क्रॅश? मग हार्डवेअरवर संशय घ्या.

हा संशय पक्का करायला एक स्वस्त चाचणी आहे. पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स घ्या, मशीन त्याच्यावरून सुरू करा आणि तेच काम तिथे चालवा. मी चालवलं. तिथेही क्रॅश. म्हणजे विंडोज सुटलं, आणि काकांचं फॉरमॅटही वाचलं.

उरलेले संशयित एकेक करून घ्यायचे. हार्ड डिस्कचा 'स्मार्ट' अहवाल बघा. 'रीअलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' हे आकडे वाढत असतील तर डिस्क जायला आली. 'सीआरसी एरर' वाढत असतील तर बऱ्याचदा फक्त केबल खराब असते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसतात का ते बघा. आणि घड्याळ रोज मागच्या कुठल्यातरी वर्षात जात असेल तर सीआर २०३२ हा सेल बदला. त्याचा क्रॅशशी संबंध नसला, तरी फायलींच्या तारखा चुकीच्या पडतात, आणि संशोधनाच्या नोंदींत ते परवडत नाही.

माझी डिस्क ठीक होती, कपॅसिटर सपाट होते. उरली रॅम.

दोन स्टिक, दोन स्लॉट, चार रात्री

'मेमटेस्ट८६+' हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. तो रॅमच्या प्रत्येक भागात ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो आणि जुळतात का ते बघतो. तो रात्रभर चालू द्या, कारण काही दोष पहिल्या फेरीत दिसतच नाहीत. सकाळी माझ्या स्क्रीनवर लाल ओळी होत्या.

झालं का निदान? नाही. माझ्या मशीनमध्ये चार जीबीच्या दोन स्टिक होत्या. एक मूळची, एक दुकानदाराने नंतर बसवलेली. दोष कुठल्या स्टिकमध्ये आहे, की स्टिक चांगली आणि मदरबोर्डवरचा स्लॉटच खराब? एक स्टिक काढली आणि क्रॅश थांबला, एवढ्यावरून हे सांगता येत नाही, कारण स्टिक काढताना तुम्ही स्लॉटही रिकामा केलेला असतो.

शिवाय आणखी एक गोम आहे. स्टिक काढून परत घट्ट बसवली की कधीकधी नुसत्या त्यानेच दोष जातो, कारण संपर्कावर चढलेला मळ घासला जातो. दुरुस्तीवाले सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवतात ते याचसाठी. म्हणून आधी नियंत्रण: दोन्ही स्टिक काढल्या, जशा होत्या तशाच परत बसवल्या आणि चाचणी पुन्हा चालवली. चुका तशाच आल्या. म्हणजे नुसतं काढून बसवणं हा उपाय नव्हता.

मग चार रात्री, एका वेळी एकच स्टिक:

पहिली स्टिक, पहिला स्लॉट: चुका नाहीत.
पहिली स्टिक, दुसरा स्लॉट: चुका नाहीत.
दुसरी स्टिक, पहिला स्लॉट: चुका.
दुसरी स्टिक, दुसरा स्लॉट: चुका.

चुका स्टिकबरोबर फिरतात, स्लॉटबरोबर नाही. गुन्हेगार दुसरी स्टिक! दुसऱ्या स्लॉटमध्येच दोन्ही वेळा चुका आल्या असत्या, तर दोष मदरबोर्डचा. आणि एकेकटी चालवून एकही चूक नाही, पण दोन्ही एकत्र लावल्या की चुका, असं असतं तर दोन स्टिकचं आपसात जमत नाही असा संशय. पुस्तकातलं दोन-बाय-दोन फॅक्टोरियल डिझाइन मला परीक्षेपेक्षा या चार रात्रींत जास्त समजलं.

(हे करताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि रॅमला हात लावण्याआधी केबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.)

बरं झालं, हे कशावरून?

खराब स्टिक काढली. सलग तीन वेळा काम पूर्ण झालं. पेढे वाटायचे का? थांबा. आधी तीनपैकी एकदा क्रॅश होत होता, म्हणजे काम पूर्ण होण्याची शक्यता दोन-तृतीयांश. काहीही न सुधारता सलग तीनदा पूर्ण होण्याची शक्यता ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्के! नशिबानेही इतकं होतं. सलग दहा वेळा मात्र दोन टक्क्यांहून कमी. म्हणून मी दहा वेळा चालवलं. एकदाही क्रॅश नाही.

'त्रास थांबला' आणि 'उपायाने त्रास थांबला' या दोन विधानांमध्ये हा एवढा हिशोब असतो.

आणि आता खरी भीती

आनंदात असतानाच मनात आलं, की क्रॅश न होता जी कामं पूर्ण झाली होती, त्यांचं काय?

खराब रॅम प्रत्येक वेळी मशीन पाडत नाही. उलटलेला बिट प्रोग्रॅमच्या सूचनांमध्ये असेल तर क्रॅश होतो. तोच बिट तुमच्या आकड्यात असेल तर काहीच होत नाही. फक्त आकडा बदलतो. शेवटच्या दशांशाला धक्का लागेल, नाहीतर आकडा दुप्पट होईल. कोणता बिट, त्यावर अवलंबून.

ही कल्पनेतली भीती नाही. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. मतं शक्य होती त्याहून जास्त निघाली म्हणूनच ते पकडलं गेलं. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटल्याची खूण. आणि २००९ साली गूगल आणि टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी स्टिक्समध्ये चुका आढळल्या. सर्व्हरमध्ये अशा चुका ओळखणारी ईसीसी रॅम असते. तुमच्या-माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये सहसा नसते.

मी मॅडमना पाठवलेला तक्ता याच स्टिकवर तयार झाला होता.

सुदैवाने कोडमध्ये यादृच्छिक आकड्यांचं 'सीड' ठरवून दिलेलं होतं. त्यामुळे त्याच मशीनवर तोच कोड पुन्हा चालवला की तंतोतंत तेच उत्तर यायला हवं. आधी घरातल्या डेटा फाईलचा चेकसम लॅबमधल्या मूळ प्रतीशी ताडून बघितला. जुळला. मग सगळं पुन्हा चालवलं. अकरा ओळी तशाच आल्या. बाराव्या ओळीतली वरची मर्यादा वेगळी आली. पुन्हा चालवलं, लॅबच्या मशीनवरही चालवलं. नवा आकडाच पुन्हा पुन्हा आला. पाठवलेला चुकीचा होता.

दिसायला तो आकडा अगदी साधा होता. त्याच्यावर कुणालाच संशय आला नसता, मलासुद्धा नाही.

मॅडमना फोन केला. घसा कोरडा पडला होता. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वहीतली नोंद आहे ना? मग ती पाठव, आणि तक्ता बदल." बस, एवढंच. वही नसती तर मी काय पाठवलं असतं, कोण जाणे.

तर मंडळी, मशीन जुनं असू द्या. पण तीन गोष्टी आजच करा: रॅंडम आकडे वापरणाऱ्या प्रत्येक कोडला सीड द्या, कच्च्या डेटाचा चेकसम लिहून ठेवा, आणि महत्त्वाचं उत्तर कुणाला पाठवण्याआधी दुसऱ्या एखाद्या मशीनवर एकदा चालवून बघा. सेकंड हँड कॉम्प्युटर घरी आणलात, तर पहिल्या रात्री त्यावर सिनेमा बघू नका. मेमटेस्ट लावा आणि झोपा.

तुमच्या मशीनचा क्रॅश 'त्याच जागी' होतो की 'वेगवेगळ्या जागी', ते आधी वहीत लिहा. मग मला विचारा, आपण मिळून बघू.