वाऱ्यावरचं तळण

‘कातडीसकट द्या’ म्हटलं, की चिकनवाला एकदा मान वर करून बघतो. आपल्याकडे कोंबडी सोलूनच घ्यायची पद्धत. पिसं आणि कातडी एकदमच उतरतात, त्यालाही सोपं आणि आपल्यालाही. त्या रविवारी मला मात्र कातडीच हवी होती. बायकोनं डॉक्टरांना विचारून कीटो आहार सुरू केला होता, ओट्यावर महिनाभरापूर्वी आलेला एअर फ्रायर होता, आणि या दोघांचं एकमेकांशी जमतं का हे एकदा नीट बघायचं होतं.

तसं पाहिलं तर त्यांचं जमायलाच नको. एअर फ्रायर विकला जातो तो ‘कमी तेलात कुरकुरीत’ या वचनावर. कीटोमध्ये दिवसभराच्या ऊर्जेपैकी ७० ते ७५ टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतूनच घ्यायची असते. कर्बोदकं साधारण २० ते ५० ग्रॅम, म्हणजे दोन पोळ्या खाल्ल्या की बहुतेक कोटा संपला. साखर मिळेनाशी झाली, की यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदूसुद्धा बराचसा त्यावर भागवतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार सुचवला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी. उपास केला की झटके कमी होतात हे दिसलं होतं, पण रुग्णाला कायम उपाशी ठेवणार कसं? वजन उतरवण्यासाठीचा त्याचा बोलबाला फार नंतरचा.

तर एक यंत्र तेल वाचवणारं आणि एक आहार तेला-तुपावर चालणारा. मग या यंत्राचा उपयोग काय? त्यासाठी ते आत नेमकं काय करतं हे बघावं लागतं.

फिलिप्सनं २०१० मध्ये एअर फ्रायर बाजारात आणला तेव्हा नावात ‘फ्रायर’ ठेवलं, पण तळण्याशी त्याचा संबंध नावापुरताच. ही एक लहानशी भट्टी आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर जोरात फिरणारा पंखा, खाली जाळीची टोपली. सगळी करामत पंख्याची. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी स्कूटर चालवली असेल, तर वारा लागून गार वाटण्याऐवजी तोंड भाजून निघतं, हे ठाऊक असेलच. आपल्या त्वचेलगत हवेचा एक पातळ, त्यातल्या त्यात थंड थर असतो. गरम वारा तो उडवून लावतो आणि उष्णता थेट अंगावर येते. टोपलीतल्या तुकड्याचं हेच होतं. म्हणूनच टोपली गच्च भरली की बिनसतं: वारा फिरायला जागा उरत नाही आणि तुकडे आपल्याच वाफेत शिजतात.

पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो १०० अंशांच्या वर फारसा जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी गेलं, तापमान १४० अंशांच्या आसपास पोचलं, की प्रथिनं आणि साखरा यांची मायार अभिक्रिया वेग घेते आणि तो खमंग तपकिरी रंग येतो. हवेपेक्षा तेल पाच-सहा पट चांगलं उष्णतावाहक असल्यामुळे कढईत हे काम चार मिनिटांत उरकतं. हवेला पंधरा-वीस लागतात. थोडक्यात, एअर फ्रायर हे पृष्ठभाग वाळवायचं यंत्र आहे.

आणि कीटोची खरी अडचण नेमकी इथेच आहे. आपल्या स्वयंपाकातला कुरकुरीतपणा जवळजवळ सगळा पिठाचा आहे. भजीला बेसन, सुरमईला रवा, कापांना तांदळाचं पीठ. सुरमईच्या चार तुकड्यांना तीन चमचे रवा लागला तरी वीसेक ग्रॅम कर्बोदकं झाली. पीठ काढून घेतलं, की ताटात उरतं ते मऊ पनीर, मऊ अंडं, मऊ कोंबडी. कीटो सोडणारे बरेच जण भुकेनं नव्हे, या मऊपणानं कंटाळतात असं माझं मत आहे. पिठाशिवाय कुरकुरीतपणा हवा, तर तो पदार्थाच्या स्वतःच्या प्रथिनातून आणि कातडीतूनच काढावा लागतो. त्याला लागतो कोरडा, वेगवान, गरम वारा.

कातडीसकट आणलेल्या तंगड्या मी पुसून कोरड्या केल्या, मीठ-हळद-तिखट लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी १९० अंशांवर पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कातडीतलं कोलॅजन विरघळलं, चरबी वितळून खाली गळली, पाणी उडालं, आणि उरली ती पापडासारखी मोडणारी कातडी. तेलाचा थेंब नाही. ट्रेमध्ये जमलेली चरबी एरवी ‘बघा, किती वाचलं’ म्हणून सिंकमध्ये गेली असती. कीटोत तोच माल! बायकोनं त्यात कोबी परतला. (ट्रेमध्ये आधी दोन चमचे पाणी घालून ठेवा, नाहीतर गळणारी चरबी जळून घरभर धूर होतो. पाणी वेगळं झालं की चरबी वरच्यावर काढता येते.)

पनीरनं पहिल्यांदा फजिती केली. वीस मिनिटं ठेवलं आणि खोडरबर झालं. चूक माझी होती. चीज वितळतं, पनीर वितळत नाही, कारण उकळत्या दुधात लिंबू पडलं की केसिन या प्रथिनाला सांधणारं बरंचसं कॅल्शियम निघून जातं आणि प्रथिनांची जाळी घट्ट बसते. ती गरम केली तरी ओघळत नाही, नुसतं पाणी सोडत राहते. म्हणून मोठे तुकडे, वरून वितळलेलं तूप, आणि २०० अंशांवर आठ मिनिटं पुरे. इथे लोण्यापेक्षा तूप बरं. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो.

भेंडीनं सगळ्यांना मागे टाकलं. उभी चिरून, तेल चोळून, विरळ पसरली की तिचा चिकट द्राव वाळून जातो आणि बेसनाशिवाय कुरकुरीत भेंडी होते. फ्लॉवरही छान. बांगड्याला स्वतःचीच चरबी असल्यानं तो कोरडा पडत नाही. सुरमईला जवसाची भरड लावली, बरी लागली. तव्यावरच्या रवा लावलेल्या सुरमईची सर तिला नाही, आणि मालवणी माणसाला ती आहे असं सांगायची माझी हिंमतही नाही. भज्यांसारखं पातळ पीठ जाळीतून गळतं, आणि किसलेलं चीज उडून कॉइलला चिकटतं.

एअर फ्रायरचा आणखी एक गुण सांगतात: ॲक्रिलामाइड कमी. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये हे रसायन तळलेल्या-भाजलेल्या खाण्यात दाखवून दिलं. पण ते प्रामुख्यानं बटाटा आणि धान्यांतून येतं, आणि हे दोन्ही कीटोच्या ताटात आधीच नसतात. जाहिरातीतला हा फायदाही इथे लागू नाही.

आहाराबद्दल एक गोष्ट मात्र गंभीरपणे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, किंवा गोळीचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’नं संपत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकाएकी खाली जाऊ शकते, आणि या गोळ्यांबरोबर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो.

राहिला खरेदीचा प्रश्न. दीड हजार वॉटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त अर्धं युनिट वीज. चार लिटरच्या टोपलीत दोघांचं भागतं. चौघांसाठी दोन फेऱ्या, आणि दुसरी येईपर्यंत पहिली गार. घरात पंखा असलेला ओव्हन असेल तर वेगळा एअर फ्रायर घेऊ नका, काम तेच आहे. नसेल, आणि घरात एक-दोन माणसंच कीटोवर असतील, तर घ्या. तेलाची बाटली मात्र कपाटात ठेवू नका, ती लागणारच आहे.