पाठ म्हणू नका, बोला!

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतील एक मुलगी रात्रीच्या गाडीने पुण्याहून परभणीला परतली ती घरी न जाता आधी आमच्याकडे आली. तिचे नाव येथे लिहीत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. बाप गवंडी, आई हंगामात जिनिंगवर आणि एरवी खुरपणीला. मुलगी येथल्याच कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालेली. परदेशी एम.एस्सी. करावी म्हणून तिने इंग्रजीची आयईएलटीएस ही परीक्षा दिली होती. परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास. ती आईने बचत गटातून उचलली होती.

चारपाच दिवसांनी निकाल आला तेव्हा ती म्हणाली, "काका, मी नापास झाले."

आम्ही कागद पाहिला. या परीक्षेत पास-नापास असे नसते. ० ते ९ असे बँड असतात. ऐकण्यात ७, वाचनात ७, लेखनात ६.५. सरासरीही ६.५ भरत होती. परंतु बोलण्यात होते ५.५, आणि विद्यापीठाची अट अशी की एकाही भागात ६ पेक्षा कमी नको. म्हणजे जी मुलगी इंग्रजी वाचते, लिहिते, ऐकून समजते, तिची वाट पंधरा मिनिटांच्या बोलण्याने अडवली होती.

आमच्या घरोघरच्या मुलांचे हेच दुखणे आहे. पुस्तकातले इंग्रजी येते, तोंडातले येत नाही. आम्हीही त्यातलेच. बी.कॉम. झाल्यावर एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. स्वतःविषयी दहा ओळी इंग्रजीत पाठ करून गेलो. साहेबांनी तिसरीच गोष्ट विचारली आणि आमच्या दहाही ओळी गेल्या. ती नोकरी गेली त्याला वीस वर्षांहून अधिक झाली, पण त्या खोलीतला पंख्याचा आवाज अजून आठवतो. म्हणून हा लेख मुलांसाठी आहे, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

परीक्षा असते तरी कशी?

आधी परीक्षा समजून घेऊ. आयईएलटीएसमध्ये बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. समोर एकच परीक्षक बसतो, कधी तो पडद्यावरून व्हिडिओने बोलतो. सगळे बोलणे ध्वनिमुद्रित होते. पहिल्या ४-५ मिनिटांत तो ओळखीचे प्रश्न विचारतो. तुमचे गाव, घर, शिक्षण, आवडीनिवडी. दुसऱ्या भागात एक कार्ड हाती देतो. त्यावर विषय आणि तीन-चार मुद्दे असतात. विचार करायला एक मिनिट आणि कागद-पेन्सिल मिळते, मग एकट्याने एक ते दोन मिनिटे बोलायचे. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून ४-५ मिनिटे चर्चा होते. तेथे 'का' आणि 'कसे' असे प्रश्न येतात.

केंब्रिजची सी-१ अॅडव्हान्स्ड म्हणून दुसरी एक परीक्षा आहे. ती १९९१ पासून सुरू आहे. तिच्यात दोन उमेदवार जोडीने बसतात, दोन परीक्षक असतात, आणि उमेदवारांना आपसांतही चर्चा करावी लागते. आयईएलटीएसचे ७ ते ८ बँड म्हणजे साधारण याच पातळीचे इंग्रजी. आमच्या भागातील मुले मात्र बहुधा आयईएलटीएसच देतात, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

गुण चार गोष्टींना असतात आणि चौघींचा वाटा सारखा असतो. न अडखळता, सुसंगत बोलणे ही पहिली. शब्दसंपत्ती ही दुसरी. व्याकरण तिसरे, उच्चार चौथा. तुमचे मत परीक्षकाला पटते की नाही, यावर गुण नसतात. बाप काय करतो, घर पक्के की पत्र्याचे, यावर तर मुळीच नसतात. ही गोष्ट मुलांना वारंवार सांगावी लागते.

कुठे बिघडले?

आम्ही मुलीला विचारले, तेथे नेमके काय झाले? तिने सांगितले ते ऐकून आम्हाला आमची मुलाखत आठवली. एका शिकवणीने तिला चाळीस उत्तरे छापील देऊन पाठ करायला लावली होती. परीक्षकाने गाव विचारले, तिने पाठ केलेले घडाघडा म्हटले. तो मध्येच थांबवून म्हणाला, तुमच्या गावात काय बदलले पाहिजे? ते पाठात नव्हते. ती गप्प झाली.

पुढे कार्ड आले. ज्याने तुम्हाला मदत केली अशा व्यक्तीविषयी बोला. पाठातल्या उत्तरात एक प्राध्यापक होते. असे प्राध्यापक तिच्या आयुष्यात कधी नव्हतेच. चाळीस सेकंदांत ते संपले, कारण जो माणूसच नाही त्याच्याविषयी पुढे बोलायचे काय?

आम्ही विचारले, "बाई, तुला खरी मदत कोणी केली?"

ती म्हणाली, "आईने."

"मग तेच का नाही सांगितलेस?"

ती खाली पाहत म्हणाली, "जिनिंगवर जाते असं इंग्रजीत कसं सांगू, काका?"

वाचकहो, तिला जिनिंगचा इंग्रजी शब्द येत नव्हता असे नाही. जिनिंग हा शब्दच इंग्रजी आहे. अडला होता तो संकोच. खोटे पाठ करणारा अडखळतो, आणि परीक्षकाचा कान अशा पाठांतराला सरावलेला असतो. पाठ केलेले उत्तर ओळखले गेले की गुण जातात. खरे सांगणाऱ्याकडे मात्र सांगण्यासारखे पुष्कळ असते.

साठ दिवसांची मुदत

एक सोय तिच्या उपयोगी पडली. परीक्षा संगणकावर दिली असेल, तर चारपैकी कोणताही एकच भाग पुन्हा देता येतो. ही सोय भारतात २०२३ पासून आहे. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत ती घ्यावी लागते. सगळी विद्यापीठे असा निकाल मान्य करीत नाहीत, म्हणून आधी विद्यापीठाला विचारून घ्यावे. तिने विचारले, त्यांनी होकार दिला. हाती राहिले होते दीड महिना.

शिकवणी बंद केली. पाठाची वही आईने पत्र्याच्या पेटीत टाकली. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे बोलायचे ठरले. घरात एकच खोली, म्हणून कधी घरी, कधी विहाराच्या पायरीवर. एका डब्यात विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या : आठवडी बाजार, पाहिलेले लग्न, हरवलेली वस्तू, पाण्याजवळची जागा, शिकलेले एखादे काम. रोज एक चिठ्ठी काढायची. एक मिनिटात पाच-सहा शब्द टिपायचे, पूर्ण वाक्य लिहायचे नाही. मग मोबाईलवर दोन मिनिटांची वेळ लावून, आवाज मुद्रित करीत बोलायचे.

प्रश्न होता ऐकणार कोण? इंग्रजी येणारे घरात कोणी नाही. आई म्हणाली, "मला काय समजतंय बाई त्यातलं? पण तू थांबलीस की समजतंय मला."

त्या बाईने मूठभर ज्वारी पुढ्यात घेतली. मुलगी शब्दासाठी अडली की एक दाणा ताटलीत. "अं, अं" केले की एक दाणा. पहिल्या दिवशी तेवीस दाणे पडले. मुलगी रडली. आई म्हणाली, "उद्या बावीस कर." विचारासाठी क्षणभर थांबणे हा दोष नाही, मराठीतही आपण थांबतोच. शब्द शोधत लटकून राहणे वेगळे, आणि आईला तो फरक भाषा न कळताही कळत होता. नववीतला धाकटा भाऊ तिसऱ्या भागाचा परीक्षक झाला. त्याचे काम एकच, प्रत्येक उत्तरावर "व्हाय?" विचारायचे. ते त्याने आनंदाने केले.

आमच्याकडे आले चुका टिपण्याचे काम. रोजचे मुद्रण ऐकून आम्ही यादी केली. ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

'मायसेल्फ अमुक तमुक' अशी सुरुवात करू नये. 'माय नेम इज' किंवा 'आय अॅम' म्हणावे.

'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' नव्हे, 'आय हॅव टू ब्रदर्स'.

'माय मदर वर्क' नव्हे, 'वर्क्स'. हा शेवटचा 'स' आपल्याकडून फार गळतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगताना क्रियापद भूतकाळातच ठेवावे. बोलण्याच्या ओघात आपण वर्तमानात घसरतो.

'डिस्कस अबाउट' नव्हे, नुसते 'डिस्कस'.

'लिव' म्हणजे राहणे आणि 'लीव' म्हणजे सोडणे. मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपण फारसा पाळत नाही, इंग्रजीत त्याने अर्थ बदलतो.

शब्दातला जोर पाहावा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर असतो, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टो'वर जातो.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगावे. त्यात कमीपणा नाही. 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नये, कारण जोडावे. परीक्षकाने मध्येच थांबवले तर घाबरू नये. त्याला वेळेचे बंधन असते.

उच्चाराची लाज

मुलांना आणखी एक भीती असते ती आपल्या मराठवाडी उच्चाराची. साहेबासारखे बोलता येत नाही, मग कसे होणार? परीक्षेत तपासतात ते एवढेच की ऐकणाऱ्याला तुमचे बोलणे विनासायास समजते की नाही. इंग्रजांची नक्कल करणाऱ्याला जादा गुण नाहीत.

बाबासाहेबांची १९५५ सालची बीबीसीची मुलाखत आज मोबाईलवर ऐकता येते. ती मुलांना ऐकवा. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे शिकलेला हा महापुरुष कोणाची नक्कल करीत नाही. ठाम बोलतो, आणि समोरच्याला एकेक शब्द समजतो. १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजीतूनच आपल्या समाजाची बाजू मांडली. तेथे उच्चारापेक्षा सांगण्यासारखे काय आहे, हे महत्त्वाचे होते.

आणि ते इंग्रजी आले कोठून? सुभेदार रामजींनी लहानपणापासून मुलाच्या इंग्रजीकडे जातीने लक्ष दिले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत स्वतः रात्री दोनपर्यंत जागून ते मुलाला अभ्यासाला उठवीत. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले, त्यामागे ही जागरणे होती. रामजींना इंग्रजी येत होते. आपल्यापैकी अनेकांना येत नसेल, पण जागणे तर येते!

आज केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, ती १९५४-५५ पासूनची. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी हे दरवाजे उघडे आहेत. परंतु त्याआधी विद्यापीठाचा प्रवेश लागतो, आणि प्रवेशासाठी बहुधा ही परीक्षा लागते. शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी घरातून पैसा जातो तो येथे. म्हणून तयारीशिवाय घाईने फी भरू नका, आणि "हमखास ७ बँड" म्हणणाऱ्यांच्या हाती बचत गटाचा पैसा देऊ नका.

पुढे काय झाले?

ती पुन्हा पुण्याला गेली. या वेळी कार्डावर पाण्याजवळचे ठिकाण आले. ती येलदरी धरणाविषयी बोलली. शाळेची सहल, भिजलेला डबा, दुष्काळात उघडा पडलेला तळ. दोन मिनिटे कधी झाली कळले नाही, परीक्षकालाच थांबवावे लागले. तिसऱ्या भागात पाण्याच्या टंचाईवर प्रश्न आले. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीला त्यावर काय कमी बोलायला होते?

बोलण्यात ६.५ आले. फार मोठा आकडा नाही, पण पुरेसा. सरासरी पावणेसात झाली, आणि नियमाप्रमाणे ती ७ धरली जाते.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आई भाकरी थापत होती. आम्ही विचारले, शेवटच्या दिवशी किती दाणे पडले होते? ती म्हणाली, "सहा. पण त्यातला एक माझ्या हातून चुकून पडला होता, दादा."

मायबहिणींनो, बंधूंनो, आज रात्री जेवणानंतर टीव्ही पंधरा मिनिटे बंद ठेवा. लेकराला समोर बसवा, एक चिठ्ठी काढायला सांगा आणि ऐका. समजले नाही तरी ऐका. ज्याचे घरात ऐकले जाते, त्याला बाहेर बोलण्याचे भय राहत नाही.