नुसते विचार येतात, तेव्हा हाताला काम



"मॅडम, बाकी काही नाही हो, नुसते विचार येतात." गटाच्या बैठकीत हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! मग झोप उडते, जेवण जात नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी ती ताई बैठकीला यायचीच बंद होते. हप्ता सुनेच्या हाती येतो. आपण गैरहजर लिहितो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात शोना भाषेत या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ काय, तर फार विचार करणं. म्हणजे इतक्या लांबच्या बायकाही आपल्यासारखंच बोलतात! तिथे २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी १४ आज्यांना घेऊन एक काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाक. त्यावर आजी बसते, आलेल्या बाईचं सगळं ऐकून घेते, आणि कुठली अडचण आधी हातात घ्यायची ते दोघी मिळून ठरवतात.

मला सांगायचंय ते त्यापुढचं. बाकावर येऊन गेलेल्या बायकांचा पुढे गट होतो. त्या गोल करून बसतात आणि टाकाऊ प्लॅस्टिकपासून क्रोशाने पिशव्या विणतात. विणता विणता बोलतात. ५७३ जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाक आणि गट मिळालेल्यांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी होता. इंग्लंडमध्ये तर काही ठिकाणी डॉक्टरच चित्रकलेच्या वर्गाला जायची चिठ्ठी देतात.

यात जादू काही नाही. हात एका लयीत चालले की मन घटकाभर तिथेच थांबतं. नजरेला नजर देऊन दुःख सांगणं जड जातं, मान खाली घालून टाके घालताना ते सुटतं. आणि उदास बाईला सारखं वाटत असतं की माझ्याच्यानं काही होत नाही. संध्याकाळी वीतभर शिवण समोर दिसली की त्या वाटण्याला थोडा तरी धक्का बसतो.

आपल्याकडे गोधडी आहेच की. घरी एकटीने शिवतो, ती एकत्र शिवायची. आठवड्यातून एक दुपार, दीड तास, आठ-दहा जणी, सलग दोन महिने. सगळ्यांसाठी खुलं ठेवा, फक्त 'त्रास असलेल्यां'साठी नको, नाहीतर गावात लगेच नाव पडतं. टाका वाकडा गेला तर हसायचं नाही, उसवायलाही लावायचं नाही. बोल बोल म्हणून मागे लागू नका. एका गटात एक ताई तीन आठवडे फक्त सुईत दोरा ओवून देत होत्या. चौथ्या आठवड्यात आपणहून बोलल्या. काय ते तिथेच राहिलं, तसंच राहू द्या. आणि कृपा करून पहिल्याच महिन्यात विक्रीचा स्टॉल काढू नका! ऑर्डर आली की घाई आली, आणि हळू हात असलेली बाई पुन्हा मागे पडते. विक्रीचं नंतर बघू.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगते. एका ताईंना गटात बरं वाटू लागलं, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. पंधरा दिवसांत पुन्हा अंथरूण धरलं. गोधडी गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गोळ्या कमी करायच्या की थांबवायच्या, ते डॉक्टरच ठरवणार.

कुणी "जगून काय करू" असं बोललं, तर 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. तिचं ऐका, तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत मला सांगा. सुया आणि दोऱ्याची रिळं मी आणते. जुनी लुगडी तुमची.