घड्याळ पुढे नको, बरोबर हवे

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या अनेक घरांत वेळ एक नसते. दिवाणखान्यातले घड्याळ पाच मिनिटे पुढे, स्वयंपाकघरातले दहा. आणि घराबाहेर पडताना ठरलेला प्रश्न : ‘अहो, खरे किती वाजले?’ लोकल चुकू नये म्हणून जडलेली ही सवय आता मनगटावरच्या स्मार्टवॉचपर्यंत पोहोचली आहे. तिथे मात्र ती निरुपद्रवी राहत नाही. भिंतीवरचे घड्याळ केवळ वेळ दाखवते; स्मार्टवॉच आपल्या झोपेची नोंद ठेवते, नाडीचे ठोके मोजते आणि आजोबांना गोळीची आठवण करून देते.

आपल्या भागाचे जीवन घड्याळाला बांधले ते रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात आणि ठाणे त्या रेखावृत्ताच्या सुमारे साडेनऊ अंश पश्चिमेला आहे. म्हणजे आपले अगदी बरोबर लावलेले घड्याळही सूर्यापेक्षा सरासरी ३८ मिनिटे पुढेच असते. शेजारच्या मुंबईत तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात होती.

हा हिशेब आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपल्या शरीरातही एक घड्याळ आहे. त्याच्या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यत्वे उजेडावर जुळते. काटे पुढे सरकवल्याने ते सरकत नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सहाची लोकल पकडणारा माणूस तोवर अर्धा प्रवास करून चुकलेला असतो. त्याला खरी गरज असते ती लवकर निजण्याची. पुढे लावलेल्या घड्याळाने उलट फसगत होते. ‘अजून पाच मिनिटे आहेतच’ असे मन आपोआप वजा करते. धावपळ टळत नाही, आणि नेमकी किती मिनिटे वजा करायची याची धास्ती तेवढी वाढते.

मग स्मार्टवॉचची वेळ कशी लावावी? बहुतेक घड्याळे वेळ जोडलेल्या फोनकडून घेतात. म्हणून प्रथम फोनच्या सेटिंगमध्ये तारीख व वेळ ‘ऑटोमॅटिक’ आहे ना, ते पाहा. टाइम झोन म्हणून ‘कोलकाता’ दिसले तर गोंधळू नका. ती आपलीच प्रमाणवेळ, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. नंतर ब्लूटूथ चालू करून घड्याळाचे अ‍ॅप उघडा, म्हणजे दोन्ही जुळतील. अ‍ॅपल वॉचमध्ये नुसती तबकडीवरची वेळ पुढे दाखवण्याची सोय आहे. पण गजर आणि सूचना खऱ्या वेळेलाच येतात. म्हणजे एकाच मनगटावर दोन वेळा! ज्येष्ठांच्या घड्याळात तरी ही सोय वापरू नये.

घरात कोणाचे औषध चालू असेल, तर आणखी तीन गोष्टी तपासा. घड्याळ चोवीस तासांच्या पद्धतीवर ठेवा. सकाळी ८ चा गजर चुकून रात्री ८ ला लागण्याचा धोका टळतो. गजर रोज वाजेल असा लावला आहे का, हे पाहा. आणि तोच गजर फोनवरही ठेवा, कारण चार्जिंगला लावलेल्या घड्याळाचे कंपन कुणालाच जाणवत नाही. तरीही गोळी राहिलीच, तर डॉक्टरांना विचारल्याविना दुप्पट घेऊ नका. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी एक ध्यानात ठेवावे : फोनबरोबर घड्याळही तिथली वेळ दाखवू लागते आणि सकाळचा गजर तिथल्या सकाळी वाजतो. दोन मात्रांमधले अंतर त्यामुळे बदलते. औषधांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

शेवटी झोपेचे. घड्याळात उठण्याचा गजर असतो, निजण्याचाही लावा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. पहाटे पाचला उठायचे असेल, तर दहाच्या आत दिवा मालवायला हवा. सुटीच्या दिवशी सकाळी गॅलरीत किंवा मैदानात थोडा उजेड अंगावर घ्या.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातली सारी घड्याळे एकत्र जमून बरोबर लावा. लोकलसाठी पाच मिनिटे हवीतच, तर ती अंथरुणातून पाच मिनिटे लवकर उठून मिळवा. उद्या सकाळी ‘खरे किती वाजले?’ हे कुणाला विचारावे लागणार नाही.