टेकडीवर जास्तीत जास्त माकडे किती?

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (इ. स. ११५०) या ग्रंथात एक गमतीदार उदाहरण आहे. माकडांच्या एका कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला असता जी संख्या येते, तितकी माकडे वनात बागडत आहेत. उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती?

एकूण माकडे क्ष मानू. मग (क्ष/८)² + १२ = क्ष. दोन्ही बाजूंना ६४ ने गुणून मांडणी केली की

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

हे वर्गसमीकरण मिळते. सूत्रात किमती घालून उत्तर काढता येईल. पण सूत्रातले ‘±’ हे चिन्ह आणि विवेचक आले कोठून, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी श्रीधराचार्यांची रीत पाहू. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण ही रीत भास्कराचार्यांनी त्यांच्या नावाने नोंदवून ठेवली आहे. अचल पद उजवीकडे न्यावे, दोन्ही बाजूंना क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा.

४क्ष² − २५६क्ष + ४०९६ = −३०७२ + ४०९६
(२क्ष − ६४)² = १०२४

डावीकडे पूर्ण वर्ग तयार झाला. उजवीकडे उरला तो विवेचक. १०२४ हा ३२ चा वर्ग आहे, तसाच −३२ चाही. म्हणून क्ष = ४८ किंवा १६. ताळा पाहा: ३६ + १२ = ४८ आणि ४ + १२ = १६. दोन्ही उत्तरे बरोबर!

आता फक्त टेकडीवरची संख्या बदलू. १२ ऐवजी १६ घेतल्यास विवेचक शून्य होतो व क्ष = ३२ हे एकच उत्तर मिळते. २० घेतल्यास विवेचक −१०२४ येतो. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून असा कळपच असू शकत नाही. थोडक्यात, टेकडीवर १६ पेक्षा जास्त माकडे मावत नाहीत! क्ष − (क्ष/८)² या राशीचा आलेख काढला तर खाली तोंड असलेला अन्वस्त मिळतो. त्याचा शिरोबिंदू (३२, १६) आहे. १६ आणि ४८ ही मुळे ३२ पासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आहेत.

मात्र प्रत्येक मूळ उत्तर असतेच असे नाही. त्याच ग्रंथातील दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून वर्ग केला आहे. तितकी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. मुळे येतात ५० आणि ५. पण ५ चा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ वजा केले की −२ उरतात. म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारले. मुळे समीकरण देते. त्यांतले कोणते ठेवायचे हे उदाहरणातला मजकूर ठरवतो.

वर्गात एक प्रश्न जरूर द्यावा: पहिल्या उदाहरणात टेकडीवर निदान एक माकड असेल आणि कळपाचे आठ समान भाग पडत असतील, तर टेकडीवर किती माकडे असू शकतील? विद्यार्थ्यांना ७, १२, १५ आणि १६ या चारच संख्या सापडतील. चारच का, हे त्यांनाच शोधू द्यावे.