ओढ्याच्या फेसातली ओळखपरेड

पावसाळ्यात घाटातल्या ओढ्याला दगडांच्या आडोशाला पांढुरका फेस साचतो. आपण ‘साबण कुणी ओतला?’ म्हणत नाक मुरडतो. बुरशीतज्ज्ञ मात्र लगबगीने बाटली पुढे करतो. या फेसात पाण्यातल्या बुरश्यांचे बीजाणू अडकलेले असतात. फेस बाटलीत नुसता ठेवला, तर काही तासांतच ते रुजू लागतात. म्हणून फॉर्मॅलिन जागच्या जागी घालायचं, नाहीतर ओळखपरेड बोंबलली.

ही परेड मुख्यतः आकारावर चालते. ओढ्यात कुजणाऱ्या अल्डरच्या पानांवरच्या या मंडळींची सविस्तर ओळख 1942 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ सी. टी. इंगोल्ड यांनी करून दिली. गृहस्थ 104 वर्षं जगले. बघायला बीजाणू कमी नव्हतेच!

काचपट्टीवर फेसाचा थेंब घ्या, कॉटन ब्लूने रंगवा. सूक्ष्मदर्शकाखाली थेट मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड! टेट्राक्लॅडियम, लेमोनिएरा या बुरश्यांचे बीजाणू असे चार हातांचे. अँग्विलोस्पोरा लांबट, वळणदार; लुन्युलोस्पोरा चंद्रकोरी. चार हात हौसेचे नाहीत. वाहत्या पाण्यात तीन टोकं पानाला टेकली, की बीजाणूची पकड बसते.

ही युक्ती इतकी कामाची, की दूरदूरच्या बुरश्यांनी ती आपापली शोधून काढली. चेहरा तोच, घराणं भलतंच! त्यात 2011 पर्यंतच्या नियमांत एकाच बुरशीला दोन अधिकृत नावं चालत: लैंगिक अवस्थेचं एक, अलैंगिक अवस्थेचं दुसरं. विद्यार्थ्यांचे हाल विचारू नका.

अट्टल तोतया म्हणजे सॅप्रोलेग्निया, टाकीतल्या आजारी माशावरची पांढरी लव. दिसते बुरशी, पण नातं तपकिरी शेवाळांशी. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणाऱ्या ‘डाऊनी’ रोगाचा जंतूही याच गोतावळ्यातला. पकडायचं कसं? पोहणारे बीजाणू बघा: सॅप्रोलेग्नियाच्या बीजाणूला शेपट्या दोन, खऱ्याखुऱ्या कायट्रिड बुरशीच्या बीजाणूला बहुधा एकच, तीही मागे. आमिषंही वेगळी. सॅप्रोलेग्नियासाठी पाण्यात भांगेचं उकडलेलं बी टाकतात, तर कायट्रिडना पाइनचे पराग नाहीतर सापाची कात लागते. खवय्येगिरी कुणाला चुकली आहे?

तळ्यात डुंबणाऱ्यांच्या नाकात मांसल गाठी आणणारा रायनोस्पोरिडियमही कित्येक दशकं बुरशी म्हणूनच मिरवला. 1999 मध्ये जनुकीय तपासणीने त्याला माशांच्या परजीवींच्या पंगतीला नेऊन बसवलं.